हलाल पैसासुद्धा खाली येतो

सकाळी शटर वर केलं की चाचा आधी उंबऱ्यावर पाणी शिंपडायचे, मग लोबान फिरवायचे आणि मग स्टुलावर बसून मला विचारायचे, "बघ रे, काय म्हणतंय आपलं?"

मी फोन काढायचो. फोन चाचांचाच होता, पण राहायचा माझ्याच खिशात. त्यांच्या एका डोळ्यात फूल पडलेलं आणि इंग्रजी अक्षरांशी त्यांचं जन्माचं वैर. मला तरी कुठं इंग्रजी येत होतं? आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पण लाल आणि हिरवा ओळखायला शाळा लागत नाही. चाचांच्या फंडाचा आकडा हिरवा असला की मी म्हणायचो, "वर आहे, चाचा." लाल असला की म्हणायचो, "जरासा खाली आहे." हा 'जरासा' माझ्या पदरचा. फोनवर तो कधीच लिहिलेला नसायचा.

माझं गाव किनवटच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. तिथून मी घोडनदी गावाला आलो तो एका ठेकेदाराच्या टोळीतून, कंपनीच्या बांधकामावर. काम संपलं, ठेकेदार दुसऱ्या साईटवर गेला, आणि मी नगर रोडच्या कडेला पिशवी घेऊन उभा राहिलो. समोर रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. चाचा एका ट्रकचा रेडिएटर हौदात बुडवून हवा भरत होते आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत होते. डोळ्यामुळं त्यांना ते नीट दिसत नव्हते. मी लांबूनच म्हणालो, "डाव्या कोपऱ्यात, खाली." चाचांनी वर बघितलं. म्हणाले, "मग ये ना जवळ. लांबून काय सांगतो?"

त्या दिवसापासून मी तिथंच. फुटलेल्या नळीला कथलाचा डाग द्यायला त्यांनी शिकवलं, गॅसची बत्ती किती जवळ धरायची ते शिकवलं, पहिल्या हिवाळ्यात चाचींनी स्वतःची गोधडी दिली. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. इथं दुकानात भिंतीवर कुराणाची आयत लावलेली. कुणी कधी विचारलं नाही आणि मीही सांगत बसलो नाही. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला. तो पगार हातात पडला की त्याच दिवशी मी मायला पाठवायचो. गावी माय, बायको आणि दोन लेकरं त्या तारखेकडं डोळे लावून असायची. किराणावालासुद्धा ती तारीख ओळखायचा.

हे सगळं सांगतोय, कारण त्या फोनमधला लाल आकडा माझा कुणी लागत नव्हता, तरी मी त्याला 'जरासा' का जोडायचो, ते कळावं.

चाचांनी व्याज कधी खाल्लं नाही. बँकेत खातं होतं, तिथं ते आपोआप जमा व्हायचं. ते चाचा वर्षातून एकदा काढून बाजूला ठेवायचे. तो पैसा घरात येऊ द्यायचा नाही, खाण्यात नाही, कपड्यात नाही, मशिदीतसुद्धा नाही. मग करायचं काय? एसटी स्टँडामागच्या मुतारीच्या दुरुस्तीला, नाहीतर गल्लीतल्या गटारीवरच्या झाकणाला. शेजारचा टायरवाला हसायचा. "चाचाच्या व्याजानं अख्ख्या स्टँडाची सोय झाली राव! पुण्य लागंल तुम्हाला!"

"त्यात पुण्य नसतं," चाचा गंभीरपणे सांगायचे. "पुण्यासाठी द्यायचंच नसतं ते. फक्त हात धुवायचे."

रस्ता रुंद होणार हे आम्हाला कधीपासून माहीत होतं. दुकानाची जागा त्यात जाणार, हेही. चाचांनी त्यासाठीच पैसा जमवत आणला होता. नवीन गाळ्याचं डिपॉझिट आणि हौद, कॉम्प्रेसर, भट्टी हलवायचा खर्च. तो पैसा बँकेत पडून होता आणि दरवर्षी त्याचं व्याज मुतारीला जात होतं. त्यात चाचांचा भाचा एका ईदला पुण्याहून आला. तो ऑफिसात काम करतो, चांगला मुलगा आहे. तो म्हणाला, "मामू, हे पडून ठेवण्यापेक्षा शरियतवाल्या फंडात घाला."

तेलाच्या डब्यावर बसून त्यानं सगळं समजावून सांगितलं. देशातल्या सगळ्या कंपन्या एका चाळणीत घालायच्या. बँका, विम्याच्या कंपन्या, दारू, तंबाखू, जुगार, सगळं वरच राहतं. ज्यांच्या डोक्यावर मापाबाहेर कर्ज आहे, त्याही वर राहतात. खाली पडतात त्या औषधाच्या, संगणकाच्या, रंगाच्या, साबणाच्या. आपला पैसा त्यांच्यात. आणि चाळणी एकदाच मारून भागत नाही. मधून मधून पुन्हा मारतात. एखाद्या कंपनीनं उद्या कर्ज वाढवलं, तर तिला बाहेर काढतात.

"रंगाचा डबा, खोकल्याचं औषध," चाचा खूश झाले. "यात कुणाचं वाईट होतं?"

"पण मामू, शेअर आहेत हे. वरखाली होणार. लवकर लागणारा पैसा यात घालू नका."

चाचांनी पहिला भाग कानात घेतला आणि दुसरा सोडून दिला. "ज्यात हराम नाहीच, त्यात बुडायला राहिलं काय?"

मलाही ते पटलं, हे खोटं कशाला बोलू? आमच्या कामात गळती लागते ती सडलेल्या नळीतून. सडकं आधीच काढून टाकलं, तर पाणी कुठून जाणार? चाचांनी डिपॉझिटचा सगळा पैसा त्यात घातला. भाच्यानं फोनवर बटणं दाबली, चाचांनी बिस्मिल्ला म्हटलं, मी बाजूला उभा राहून बघत होतो.

सुरुवातीचे दिवस टायरवाल्याच्या चेष्टेत गेले. तो स्वतः बँकांच्या शेअरमध्ये थोडंफार खेळायचा. सकाळी चहाचा पेला घेऊन आमच्या दारात उभा. "चाचा, काल बँका काय उडाल्या राव! तुमचं इमान काय, बसूनच?"

"बसलंय. पण बसलंय ते स्वतःच्या स्टुलावर. तुझ्यासारखं दुसऱ्याच्या खांद्यावर नाही."

एकदा उलटं झालं. कुठल्या तरी बँकेचं काही बाहेर आलं आणि सगळ्या बँका धाडकन खाली आल्या. आमचा फंडही खाली आला, पण थोडा. त्या दिवशी 'जरासा' म्हणताना मी खरं बोललो. चाचांनी टायरवाल्याला आपल्या पैशानं चहा पाठवला आणि वर निरोप दिला, "साखर जास्त घालायला सांगितलीय." तो आठवडाभर दारात आला नाही.

मला वाटलं, म्हणजे हे खरंच पक्कं आहे. ज्याच्यात कर्ज कमी, ते वादळात कमी हलतं. भाचाही फोनवर तसंच म्हणाला. मात्र तो पुढं म्हणाला, "पण मामू, आपल्याकडं संगणकाच्या कंपन्या फार झाल्यात. त्यांना धक्का बसला, तर आपल्याला जास्त बसेल." हेही चाचांनी सोडून दिलं आणि या वेळी मीही सोडून दिलं.

मग तो धक्का बसला. अमेरिकेत काहीतरी झालं, तिकडच्या लोकांनी इकडची कामं थांबवली, आणि संगणकाच्या कंपन्या घसरायला लागल्या. एका दिवसाचं असतं तर मी 'जरासा' म्हणून निभावलं असतं. पण ते रोजचं झालं. रोज थोडं. बँका मात्र हिरव्या, आणि टायरवाला पुन्हा दारात.

आणि नेमकी त्याच महिन्यात जागा खाली करायची नोटीस आली.

तोवर चाचांनी पाटसजवळ, हायवेला लागून एक गाळा बघून ठेवला होता. तिकडं उसाचे ट्रॅक्टर, ट्रका, गळिताच्या हंगामात रेडिएटर तापायला काय कमी? गाळा राहू गावच्या एका आप्पांचा. बोलणं झालेलं, हंगामाच्या आधी डिपॉझिट द्यायचं ठरलेलं. फंडात पैसा घातला तेव्हा तो डिपॉझिटला पुरून वर हलवाहलवीलाही उरणार होता. आता तो डिपॉझिटलासुद्धा पुरत नव्हता.

मला झोप येईना. दुकान गेलं तर चाचांचं काय होईल, हे मी मनात पहिल्यांदा म्हणायचो; पण खरं म्हणजे दुकान गेलं तर माझं काय होईल, हेच आत चाललेलं असायचं. परत त्या ठेकेदाराच्या टोळीत? या वयात? पगाराची तारीख चुकली तर माय फोनवर काही बोलणार नाही, नुसती गप्प राहील, आणि ती गप्प राहिलेली मला ऐकवत नाही. सकाळी एकदा बघायचा आकडा मी दिवसभर बघायला लागलो. डाग देता देता बघायचो. एकदा बत्तीनं अंगठा भाजला, तेव्हा चाचांनी फोन काढून घेतला आणि गल्ल्यात ठेवला. "तू बघितलं म्हणून ते वर येणार आहे का?"

त्याच दिवसांत भाच्यानं वर्षाचा हिशेब मराठीत लिहून पाठवला. फंडातल्या कंपन्यांना इकडून तिकडून थोडं व्याज मिळतच असतं. तेवढा भाग काढून टाकून द्यायचा असतो, म्हणजे बाकीचं शुद्ध. मी वाचलं आणि चक्रावलो. "चाचा, हे काय? आपलं नुकसान झालंय, आणि वर अजून काढून टाकायचं?"

"नुकसान वेगळं, घाण वेगळी," ते म्हणाले. "भांड्यात कमी दूध राहिलं, म्हणून माशी काढायची नाही का?"

माझ्या मायला तेव्हा किनवटच्या दवाखान्यात ठेवलेलं होतं, तापानं. मी धीर करून म्हणालो, "चाचा, तो पैसा गरिबाला द्यायचाच आहे ना? मग मलाच द्या. मी गरीबच आहे की."

चाचांनी हातातली बत्ती बंद केली. रागावले की काय, असं मला वाटलं. "बेटा, जे मी खात नाही, ते तुझ्या मायच्या औषधाला देऊ?" खिशातून त्यांनी वेगळे, स्वतःचे पैसे काढले आणि माझ्या हातात कोंबले. तो काढून टाकायचा भाग पुन्हा कुठल्या तरी गटारीच्या झाकणाला गेला. त्या दिवशी मला रडू आलं ते त्यांच्या चांगुलपणाचं होतं, आणि थोडं संतापाचंही. दुकान बुडायला आलंय आणि हा माणूस माशी काढत बसलाय.

शेवटी मीच बोललो. "चाचा, कर्ज काढा. टायरवाल्यानं काढलंय. नव्या जागेवर त्याचं शटरसुद्धा लागलं."

"तू काढा म्हणतोस ते भीतीनं," चाचा शांतपणे म्हणाले. "मी नको म्हणतो तेही भीतीनंच. फक्त आपण दोघं वेगवेगळ्याला भितोय." मग भाच्याला फोन लावायला सांगितलं आणि विचारलं, "अरे, तुझ्या त्या बाजारात न हलणारं काहीच नाही का? व्याजाशिवायचं आणि जाग्यावर राहणारं?"

भाचा म्हणाला, "आहे मामू. आखातात, मलेशियात असतं. सुकूक म्हणतात. कर्ज दिलं आणि व्याज घेतलं, असं नाही त्यात; एखाद्या इमारतीत आपला हिस्सा, तिच्या भाड्यात आपला हिस्सा. तेही अगदी खडकासारखं नसतं, पण शेअरपेक्षा कमी हलतं. आपल्याकडं मात्र तुमच्या-माझ्यासारख्याला ते मिळत नाही."

"म्हणजे चांगलं ते समुद्रापलीकडं," चाचा म्हणाले. "चल, राहूला जाऊन येऊ."

न्हावऱ्याच्या रस्त्यानं, भीमेचा पूल ओलांडून आम्ही मोटारसायकलवर गेलो. गाळा सोडून देतो, हे सांगायला. चाचांनी तसंच ठरवलं होतं. वाटेत माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात खड्ड्याखड्ड्याला घट्ट होत होता.

आप्पा गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. उंच, वाळका माणूस, बोलण्यात तिखट. चाचांनी सरळ सांगितलं, फंड रोज वरखाली होतोय, पैसा कमी पडतोय, गाळा दुसऱ्याला द्या.

"एवढंच व्हय?" आप्पा म्हणाले. "मग कमी पडल्यालं बँकेतनं काढा की. मी जामीन ऱ्हातो."

"जामिनाचं नाही आप्पा. व्याज जमत नाही."

"खायचं न्हाई, ते ठावं हाय मला. द्यायचं बी न्हाई?"

"द्यायचं बी नाही."

"आन् मग त्यो तुमचा फंड? त्यो तर रोज खालवर हुतोय म्हणता. त्यो कसा चालतो?"

चाचा मला म्हणाले, "सांग." मी घाबरतच सांगितलं, भाच्याकडून ऐकलं होतं तसं. धंद्यात आपला हिस्सा असतो. धंदा वर तर आपण वर, धंदा खाली तर आपण खाली. समोरच्याचं काहीही होवो, माझं ठरलेलं मला दे, हे म्हणायचं नाही.

आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. "आरं, म्हंजी वाट्यानं! हे मला शिकिवताय व्हय? माझ्या बापापास्नं खालचं रान वाट्यानं हाय. रान माझं, बी निम्मं, कष्ट त्याचं. ज्या साली नदी रानात आली, त्या साली मी काय त्याच्याकडं पोतं मागितलं? त्योबी उपाशी आन् म्या बी." मग चाचांकडं बोट केलं. "त्यो गाळा तसा बी दोन पावसाळं रिकामाच हाय. घुशी काय भाडं देत्यात व्हय? डिपॉझिट नगं, भाडं नगं. गाळा माझा, दुकान तुमचं. खर्च जाऊन ऱ्हाईल त्यात वाटा. पर हिशेबाला मी दर बाजाराच्या दिवशी येणार, आन् चहा दुकानाचा."

चाचांनी वाटा किती, तोटा कुणाचा किती, काम सोडायचं झालं तर कसं, सगळं तिथंच विचारून घेतलं. एकेक गोष्ट. आप्पा वैतागले. "मशिदीत पाठ करून आला काय रं?" पण उत्तरं दिली. मग निघताना त्यांची नजर माझ्यावर आली.

"आन् ह्यो? ह्यो कशात?"

"हा पगारावर," चाचा म्हणाले.

"म्हंजी आपुन दोघं बुडलो, तरी ह्यो कोरडा!" आप्पा हसले. चाचाही हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

परतताना चाचा पुलावर थांबायला लावून म्हणाले, "तुलाही पाहिजे असेल तर वाट्यानं धरतो. चांगला हंगाम लागला तर पगारापेक्षा जास्त मिळेल. विचार कर." विचार करायला मला काही लागलं नाही. त्या महिन्याभरात मी वाटा म्हणजे काय असतं ते रोज लाल रंगात बघितलं होतं. म्हणालो, "चाचा, मला पगारच बरा." ते म्हणाले, "ठीक आहे," आणि ती गोष्ट तिथंच संपली.

पाटसला दुकान लागलं. चाचा-चाचींनी तिकडंच खोली घेतली, मी गाळ्यातच झोपायचो. पण त्या साली पाऊस हटेना. रानं ओली, ट्रॅक्टर रुतायला लागले, ऊसतोड लांबली. हायवेवरून गाड्या सुसाट जायच्या, थांबत नव्हत्या. आमचं दुकान नवीन, कुणाला माहीत? आप्पा बाजाराच्या दिवशी यायचे, कॉम्प्रेसरवर हात फिरवायचे आणि विचारायचे, "काय हाय वाट्याला?"

"आज चहा आहे," चाचा म्हणायचे.

"मग त्यात साखर तरी नीट घाला. माझा वाटा हाय त्यात."

आप्पा चिडायचे कसे नाहीत, हे मला कळत नव्हतं. महिना भरला. मला वाटलं, आता चाचा पगाराला थांब म्हणतील. त्यांनी गल्ल्यातून फोन काढून माझ्यापुढं धरला. "फंडातलं थोडं विक."

मी बघितलं. "चाचा, आज लई खाली आहे. दोन-चार दिवस थांबा, वर आलं की विकू."

"पगार थांबत नाही," ते म्हणाले. साधेपणानं म्हणाले, टोमणा नव्हता.

भाच्यानं शिकवून ठेवलेली बटणं मी दाबली. खात्रीसाठी फोनवर आकडा आला तो टाकला. पैसा बँकेत यायला काही दिवस लागले, तो आल्याबरोबर चाचांनी काढून माझ्या हातात दिला आणि मी मायला पाठवला. किराणावाल्याला त्याची तारीख मिळाली. फंड तिकडं अजून खाली होता आणि आता वर आला असता तरी चाचांचा त्यातला तेवढा हिस्सा परत येणार नव्हता. तोट्यात विकलेलं ते माझ्या घरी डाळ-तांदूळ होऊन शिजलं.

पगार घेणं काही पाप नाही. चाचांनीच मला समजावलं, मजुराचा घाम वाळायच्या आधी त्याची मजुरी द्यावी असं त्यांच्याकडं सांगितलंय. पण धंद्याला रुपाया न मिळता ज्याला त्याचं ठरलेलं मिळत होतं, असा त्या गाळ्यात मी एकटाच होतो. गाळ्याचा मालकसुद्धा नुसता चहा पिऊन जात होता.

पुढचा महिनाही तसाच गेला. चाचा फोन काढायला गल्ल्याकडं वळले तेव्हा मी म्हणालो, "राहू द्या. मला वाट्यानं धरा."

"का? आप्पा बोलले म्हणून?"

"नाही."

"माझी दया आली?"

"नाही चाचा." ते अर्धवट खरं होतं. "तुम्ही विकत राहिला, तर ते संपेल. मग पगारही संपेल. मग दुकान. मला भीती वाटते."

"वाट्याची नाही वाटत?"

"तीही वाटते. जास्तच."

चाचांनी स्टूल माझ्याकडं ओढलं. मग जसं आप्पांना विचारलं होतं, तसंच मला एकेक विचारायला लागले. वाटा किती हवा, घरी काही नडलं तर काय करायचं, कंटाळा आला तर कसं सोडायचं. त्यांचा वाटा कमी करून माझा धरला. आप्पांचा तसाच ठेवला, कारण त्यांना न विचारता तो हलवायचा नव्हता.

संध्याकाळी मायला फोन केला. या महिन्यापासून ठरलेलं येणार नाही, जे येईल ते पाठवीन, कधी काहीच येणार नाही, असं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं होतं तशी ती गप्प राहिली नाही.

"आपलं रान कोरडवाहू, बापू," ती म्हणाली. "ठरलेलं आपल्याकडं कधी होतं? तू गेल्यापासून होतं, तेवढंच." मग खोकली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "किराणावाल्याला मी सांगते. पण तू जेवत जा."

फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. अजूनही वाटत नाही. फंड आता मी रोज बघत नाही. चाचा विचारतात तेव्हाच बघतो. तो वर येतोय, मग थांबतो, मग परत थोडा सरकतो. भाचा म्हणतो, दहा वर्षांनी बघा, चांगलंच दिसेल. दहा वर्षं थांबायला पोट तेवढं थांबायला पाहिजे.

मायला फोन केला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. दुपारी उसाची रिकामी ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर आला, बोनेटातून वाफा. चालवणारा वयस्क माणूस, डोक्याला टॉवेल. मी जाळी उघडून बघितलं. खालची टाकी फुटली होती, चांगलं दिवसाचं काम. चाचा आत नमाजाला उभे होते.

"किती व्हतील?" त्यानं विचारलं.

एरवी मी चाचांकडं बघायचो. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, चौफुल्याला निम्म्यात होतंय. मी म्हणालो, निम्म्यात डाग नुसता वरून देतील, हंगाम काढणार नाही. तो म्हणाला, बघू, आणि ट्रॅक्टरकडं निघाला. असे कितीतरी जण घोडनदीच्या दुकानातून परत जाताना मी बघितलेत. निघून गेले तर गेले. चाचा उसासा टाकायचे, मी हात पुसायचो. आज त्याचं एक पाऊल ट्रॅक्टरवर गेलं तसा मी त्याच्या मागं दोन पावलं गेलो. आप्पांचा वाटा, चाचांचा वाटा, मायचा किराणावाला, सगळे त्या पायरीवर उभे राहिले.

"थांबा की मामा," मी हाक मारली. "थोडं कमी करतो. पण काम पक्कं करून देणार, घाईचं नाही."

तो थांबला, मान वळवून माझ्याकडं बघत राहिला, आणि किती कमी, ते मी अजून ठरवलेलं नव्हतं.